उसनी माती

"डबा आणलाय, चाचा. पण भरलेला नाही," गाडीतून उतरता उतरताच धनश्रीबाईंनी सांगून टाकलं, आणि जैनुद्दीनच्या हातातला झाडू थांबला.

पिराच्या राईतली चिमूटभर मातीही बाहेर न्यायची नाही, असा गावाचा जुना दंडक. कुणीही असो, निघताना वडाखाली चपला झटकूनच जायचं. म्हणून तर राईच्या पोटातला तो गोल मातीचा तट टिकला. बाहेरची टेकाडं लोकांनी केव्हाच शेतात ओढून नेली. दर्ग्याची झाडलोट करणारा जैनुद्दीन हा दंडक डोळ्यांत तेल घालून सांभाळत आला होता. आणि गेल्या पावसाळ्यात त्यानेच तो मोडला.

बिचारा करणार तरी काय? सरपंच कारभारी तट सपाट करून उरुसाच्या गाड्यांना जागा करायला निघाले होते. तट जुना ठरला तरच वाचणार, आणि त्यासाठी माती पुण्याला नेऊन तपासायला हवी, असं पुरातत्त्व खात्याच्या धनश्रीबाई म्हणाल्या. जैनुद्दीनने खूप डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला, "उसनी न्या. शेजारनीकडून पीठ नेत्यात तशी. पर परत आनायची."

बाई डबाभर माती घेऊन गेल्या. गाव हसलं. घरी बायको रोशनबी मात्र हसली नाही. "उसनं शिगोशीग परत यायला पायजे," एवढंच म्हणाली.

आज सरपंच कारभारीही आले होते. "आधी तटाचं बोला, मॅडम."

"हजार वर्षांहून जुना निघाला. आता त्याला हात लावायचा नाही, असा आदेश आलाय."

कारभारींचं तोंड जरा उतरलं. "मंग लावू गाड्या माझ्या मळ्यात. काय करता!"

तट वाचला होता. तरी जैनुद्दीनची नजर डब्यावरून हलेना. "किती कमी हाय, ताई?"

"थोडी तपासात संपली." बाई ओशाळल्या. "पण थांबा."

त्यांनी गाडीतून एक पिशवी काढली. आत चिखलाने माखून वाळलेले बूट. "माती नेली त्या दिवशी पाऊस आला, पळताना झटकायचेच राहिले. घरी गेल्यावर कळलं. मग धुवायचा धीरच झाला नाही."

तटावर चढून त्यांनी डबा रिकामा केला. मग बूट एकमेकांवर आपटले. ढेकळांमागून ढेकळं पडली, संपली होती त्याहून जास्तच.

"लई झालं की हे!" जैनुद्दीन हसला, आणि हसता हसता त्याने उपरण्याने डोळे पुसले. कित्येक महिन्यांनी त्याला हलकं हलकं वाटत होतं.

निघताना वडाखाली कारभारी एका पायावर तोल सांभाळत आपले नवेकोरे बूट झटकत होते. जैनुद्दीन त्यांच्यासाठी थांबला. कधी एकदा घरी जाऊन रोशनबीला सांगतो, असं त्याला झालं होतं. तरी त्याने आपल्या चपला काढल्या आणि आज दोनदा झटकल्या.