इस्त्री: नाम की क्रियापद

मामीने दोऱ्याचे टोक दातांनी तोडून मान वर केली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले की खोलीत अंधारून आले आहे. शिलाई मशीनचा छोटा दिवा तेवढा चालू होता. त्याच्या उजेडाबाहेर, खिडकीपाशी, भाची पुस्तक नाकाला लावून बसली होती.

“अगं, दिसतंय का तुला काही? दिवा नाही का लावायचा?”

“लावू का?” भाची लगेच उठली. “तुम्ही कामात होतात, म्हणून विचारलं नाही.”

बटण दाबून ती परत खुर्चीच्या कडेवर टेकली. डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी.

ही मुलगी अशी नव्हती. तिची आई होती तोवर दोघी सुट्टीत यायच्या, तेव्हा दार उघडायच्या आधी जिन्यातून हिचाच आवाज वर यायचा. “मामा, तू मला फसवलंस,” “मामी, तुझा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी,” असे तोंडावर सांगायची. मामा तिला भोंगा म्हणायचा. वडील तिला आठवतही नव्हते. मग आईही गेली, आणि भाची कायमची राहायला आली ती ‘तुम्ही’ घेऊनच. कुणी शिकवले नव्हते. पाहुणी होती तेव्हा घरची होती. घरची झाली आणि पाहुणी होऊन बसली. पाणी प्यायचे तरी विचारायची. जेवण झाले की आपले ताट घासायची, आणि कुणाचे लक्ष नसले की त्यांचेही.

नव्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी मामीला बोलावून घेतले होते. मुलगी हुशार आहे, पण इंग्रजी व्याकरणाचा पाया कच्चा आहे. शब्दांच्या जाती तरी परीक्षेपर्यंत पक्क्या व्हायला हव्यात, नाहीतर एक वर्ग खाली बसवावे लागेल.

“घरी घेणारं कोणी आहे का?”

“मी घेईन की,” मामी म्हणाली. गिऱ्हाइकाला ‘परवा पडदे देते’ म्हणावे, त्याच सुरात.

तिचे स्वतःचे इंग्रजी दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरते. पण शाळेत मराठी व्याकरण घोकलेले होते, ते अजून जिभेवर होते. “नाम म्हणजे नाउन, क्रियापद म्हणजे व्हर्ब,” तिने नवऱ्याला समजावले. “कापड तेच रे. शिलाई तेवढी वेगळी.”

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या पोटात लोंबकळून संध्याकाळी ग्रीसचा वास घेऊन घरी यायचा. शब्दयोगी अव्ययांची पाळी आली तेव्हा तोही सरसावून बसला. “आपण कसं म्हणतो? टेबलावर. आधी टेबल, मग वर. ही इंग्रजी माणसं बघ, टेबल दिसायच्या आतच वर चढून बसतात! ऑन द टेबल!”

भाची हसली. “किती छान सांगता मामा तुम्ही.”

मामाचे हसू तिथेच अडकले. हात धुऊन येतो म्हणून तो आत गेला. हात त्याने मघाशीच धुतले होते.

शाळेत छोटी चाचणी झाली. भाची घरी आली, दप्तर जागेवर ठेवले आणि स्वतःच सांगून टाकले की दोन उत्तरे चुकली. “शी वर्क्स हार्ड” या वाक्यातला “हार्ड” तिने विशेषण म्हणून लिहिला होता. ते क्रियाविशेषण हवे होते.

ते मामीनेच सांगितले होते, आणि छातीठोकपणे. हार्ड म्हणजे कठीण. कठीण दगड, कठीण गणित. मग विशेषण नाही तर काय?

“माझ्यामुळे गेले गं तुझे मार्क.”

“नाही, नाही. असू दे.”

“बाईंनी वर्गात घेतलंच नव्हतं का हे?”

भाची हळूच म्हणाली, “घेतलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, काम कसं करते ते सांगतो तो शब्द.”

“म्हणजे तुला माहीत होतं? मग लिहिलं का नाहीस?”

“तुम्ही सांगितलं होतं ना,” भाची म्हणाली. आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता. “दुसरंही तसंच.”

त्या रात्री मामीला जेवण गेले नाही. ओरडली असती, रडली असती, दप्तर आपटले असते तर समजूत घालता आली असती. पण चूक आहे हे माहीत असून पोर ती लिहून आली, कारण या घरात राहायचे तर मामीचे खरे मानायला हवे, असे तिने मनाशी धरले होते. याचे काय करायचे?

दुसऱ्या दिवशी मामीने एक डाव टाकला. पुस्तक उघडून, चेहरा अगदी गंभीर ठेवून ती म्हणाली, “क्विकली. हे सर्वनाम.”

पेन्सिल क्षणभर थांबली. मग चालू लागली.

“गो. हे विशेषण.”

“बरं,” भाची म्हणाली आणि सुवाच्य अक्षरात लिहू लागली.

“अगं, बरं काय! पटलं का तुला?”

“हो.”

मामीला पुढे रेटवेना. तिने रबर उचलून दोन्ही उत्तरे स्वतःच खोडली. “माझं डोकं आज ठिकाणावर नाही. खरं काय ते तूच लिही,” म्हणाली आणि पडद्यांकडे वळली. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचे होते. पलंगावर जाड चादर पसरून तिने पहिला पडदा अंथरला आणि इस्त्री तापत ठेवली. डाव फसला होता. आता फक्त काम उरकायचे होते.

बराच वेळ इस्त्रीखाली ओले कापड चुरचुरत राहिले. भाची पुटपुटत एकेक वाक्य सोडवत होती.

“आय आयर्न द कर्टन्स,” तिने वाचले. “आयर्न... व्हर्ब.”

“नाम,” मामी सवयीने म्हणाली. मान वर न करता.

“व्हर्ब आहे.”

“नाम गं. इस्त्री ही वस्तू आहे. ही काय माझ्या हातात! वस्तूचं नाव म्हणजे नाम, पाचवीतलं पोर सांगेल.” या वेळी डाव वगैरे काही नव्हता. तिला खरोखरच तसे वाटत होते.

“पण इथे वस्तू नाहीये ती. इथे इस्त्री करणं आहे.”

“करणं कुठे लिहिलंय? दाखव. लिहिलंय नुसतं इस्त्री.”

“इंग्रजीत तसंच असतं!”

“काहीतरीच. मी जन्मभर इस्त्री करतेय, मला सांगतेस?”

“अगं मामी!” भाची ताडकन उठली. पुस्तक घेऊन ती थेट पलंगापाशी आली आणि पानावर बोट आपटू लागली. “आय म्हणजे मी. कर्टन्स म्हणजे पडदे. आयर्न नाम म्हणतेस, तर यात व्हर्ब कुठाय? दाखव ना, कुठाय? मी इस्त्री पडदे? असं कोण बोलतं? तुला ना, काही म्हणजे काही कळत नाही! हार्डच्या वेळीही अस्संच केलंस तू!”

मामीचा हात इस्त्रीवर तसाच राहिला. कापड जळेल म्हणून तिने ती पटकन उभी केली. वाक्यात क्रियापद हवेच, हे तिला आता पटले होते. पण हार मानायची तिला मुळीच घाई नव्हती.

“मी नाही मानत,” ती म्हणाली. “नामच आहे.”

“हट्टी आहेस नुसती!”

दारात मामा उभा होता. हत्यारांची पिशवी खांद्यावर, किल्ली अजून बोटांत. कधी आला, किती ऐकले, कोण जाणे.

“मामा, बरं झालं आलास! तू सांग हिला. आयर्न व्हर्ब आहे की नाही?”

मामा बुटाची नाडी सोडायला खाली वाकला आणि वाकूनच राहिला.

“अरे सांग ना! बूट काय पळून चाललेत?”

“थांब,” तो खालूनच म्हणाला. “असा एकतर्फी निकाल देता येत नाही. पहिल्यापासून सांग बघू. सगळं.”

“सगळं?” भाचीने मोठा श्वास घेतला आणि मांडी ठोकून पलंगावर बसली, थेट इस्त्री केलेल्या पडद्यावर. “तर ऐक. ही म्हणते...”

गिऱ्हाईक थोड्या वेळात येणार होते. मामीने इस्त्रीची वायर काढली, भिंतीला टेकली आणि आपल्याविरुद्धची तक्रार अगदी मन लावून ऐकू लागली.