तात्यांचा हिरवा ठिपका

“आपसूक सुरू हुतंय ते मशीन हाय पोरी, मानूस न्हवं. मी हातानं लावतोय तवर तुला कळतंय तरी, म्हातारा उठलाय म्हनून.”

नाथाजी तात्या फोनवर हे म्हणाले, तेव्हा स्वप्नालीच्या एका हातात मायाची वेणी होती, दातांत रबर होतं आणि गॅसवर दूध वर यायला लागलं होतं. तिनं रबरासकटच “बरं बरं” केलं आणि ते बोलणं तिथंच सोडून दिलं. सासऱ्यांचं सुभेदारी तत्त्वज्ञान सुरू झालं, एवढंच तिच्या मनात आलं.

तिचं चुकलं असं लगेच म्हणू नका. तिच्या सकाळी कशा जात होत्या ते आधी ऐका.

तात्या उंब्रजला एकटे राहायचे. फौजेच्या सिग्नल विभागात अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार होऊन परतलेला गडी. सासूबाई गेल्या तेव्हापासून घरात ते आणि त्यांचा उसाचा सव्वा एकर. सांगलीला चला म्हटलं की म्हणायचे, तुमच्या तिसऱ्या मजल्यावर मी काय कबुतर हाय का. नवरा जयराज तोही फौजेत, तिकडं दूर. म्हणजे विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत स्वप्नाली, अडीच वर्षांची माया आणि घरभर काळजी. आदल्या दिवाळीत तात्यांना अंगणात चक्कर आली, नशीब की शेजारचा केरबा गिरणीच्या दारातच उभा होता. त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला, की रोज सकाळी तात्या धड आहेत हे मला कळलंच पाहिजे.

मोबाईलचा उपयोग नव्हता. तो ते उशाला ठेवून रानात जायचे. घरात कॅमेरा लावू म्हटलं तर, मी काय बँक हाय का, असं विचारलं. शेवटी तह झाला. सकाळी सात वाजता तात्यांनी कॉम्प्युटर लावायचा आणि पडद्यावर नातीला तोंड दाखवायचं. तात्या त्याला ‘रोलकॉल’ म्हणायचे आणि टोपी घालून बसायचे.

स्वप्नाली सांगलीतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. तिथून बाद झालेलं एक मशीन तिनं रीतसर मागून घेतलं, जुन्या हाडांना पेलेल म्हणून त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकली आणि वायफायसाठी मागं बोटाच्या पेराएवढं डोंगल खोचून दिलं. सगळं झकास होतं, गोम एकच होती. डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, मशीनमध्ये होता, पण मशीन सुरू होताना त्याला कुणी हाक मारत नव्हतं. ती हाक हातानं मारायची. काळी खिडकी उघडायची, ‘सुडो मॉडप्रोब’ आणि पुढं ड्रायव्हरचं नाव, आठ एक आठ आठ ई यू, अशी एक ओळ टाइप करायची, पासवर्ड द्यायचा, की वायफाय जागं. मशीन बंद केलं की चढवलेला ड्रायव्हर उतरला. आणि तात्या झोपण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकत नसत. म्हणजे रोज सकाळी पुन्हा पहिला पाढा.

हा पाढा फोनवर चालायचा. बिनतारी संदेशांत आयुष्य गेलेला माणूस, तेव्हा साधं ‘एम’ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. “माइक, ऑस्कर, डेल्टा,” ते सावकाश म्हणायचे, आणि प्रत्येक अक्षरानंतर थांबून तिच्याकडून ‘रॉजर’ वदवून घ्यायचे. इकडं माया एका पायात बूट घालून जिन्यात पोचलेली असायची. पाळणाघर आठला, लॅब साडेआठला. “शेवटी एको युनिफॉर्म,” म्हणजे ई आणि यू, तात्या म्हणायचे. मग एंटर. मग, “न्हाई म्हनतंय की गं. कमांड नॉट फाउंड म्हनतंय.”

न्हाई म्हणणारच. तात्या सगळं मोठ्या लिपीत टाइप करायचे. फौजेत संदेशाचा कागद मोठ्या अक्षरांतच भरायचा असतो, बारकं अक्षर म्हणजे आळशीपणा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. कॅप्स लॉकचा दिवा लागला की त्यांना मशीन तयार आहे असं वाटायचं. आणि लिनक्सला तर लहान मोठं अक्षर म्हणजे दोन वेगळ्या गावची माणसं. तिनं सांगून पाहिलं, लिहून दिलं, त्या बटणावर चिकटपट्टी लावली. तात्यांनी चिकटपट्टी काढली, घाण दिसत होती म्हणून.

ओळ जमली तर पासवर्ड अडायचा. टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, ते तात्यांना पटायचंच नाही. काहीच दिसंना म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचे, तोही त्याच ओळीत जोडून. एकदा तर बेचाळीस मिनिटं गेली. माया त्या दिवशी पाळणाघरात पोचली ती पोहे केसांत घेऊन, आणि स्वप्नालीनं रिक्षात बसल्या बसल्या दात आवळून मनात जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लॅबमधले भाऊसो तिला सीनियर. त्यांनी हा तमाशा दोन महिने ऐकून घेतला आणि मग विचारलं, की बाई, दारावर रोज तीच पाहुणी येते तर तिचं नाव यादीत का घालत नाहीस. एका फाइलीत एका ओळीवर ड्रायव्हरचं नाव लिहून ठेव, मशीन सुरू होताना वाचतं आणि आपोआप चढवतं.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. वेळ होत नव्हता. त्याच संध्याकाळी मायाला मांडीवर घेऊन तिनं इथूनच तात्यांच्या मशीनमध्ये शिरून फाइल लिहिली. वाट तिनं आधीच करून ठेवली होती. मग फोन करून सांगितलं, बंद करून लावा. तात्यांनी लावलं. वायफाय गायब. मशीनमध्ये शिरायची वाटही गायब. पुन्हा माइक, ऑस्कर, डेल्टा. सलग तीन संध्याकाळी हेच. चौथ्या दिवशी भाऊसोंनी चहा पिता पिता सहज विचारलं, फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंब आणि ‘कॉन्फ’ लावलंस ना, त्याशिवाय ते बघतच नाही तिकडं. स्वप्नालीनं कप खाली ठेवला. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, सहा वर्षं लॅब, आणि टिंब.

रविवारी ती मायाला घेऊन एसटीनं उंब्रजला गेली. फाइलीचं नाव नीट केलं. वीज येईल तेव्हा मशीननं स्वतःच उठावं, अशीही सोय आतमध्ये करून दिली. तिच्या मोबाईलवर तात्यांच्या नावापुढं हिरवा ठिपका लागावा म्हणून कॉलचं ॲप सुरुवातीलाच उघडेल असं केलं. आणि तात्यांना निक्षून सांगितलं, भिंतीवरचं बटण आता बंद करायचं नाही.

तात्यांना ते रुचलं नव्हतं. त्यांनी तेव्हा काही म्हटलं नाही, दुसऱ्या दिवशी फोनवर म्हटलं. ते सुरुवातीला सांगितलंच.

पण सकाळी कशा सोप्या झाल्या. पहाटे साडेसहाला ती डोळे चोळत मोबाईल बघायची, ठिपका हिरवा. वेणी, डबा, पाळणाघर, लॅब. दोन दिवस तिनं तरीही चेहरा बघायचा कॉल केला. तिसऱ्या दिवशी मायाला सर्दी होती. मग कॉल संध्याकाळवर गेला, संध्याकाळचा एकाआड एक झाला, मग रविवारचा. तात्यांनी दोनदा विचारलं, रोलकॉल बंद का. ती म्हणाली, “आवं तात्या, दिसतंय की हिरवं.”

सप्टेंबरातला गुरुवार. लॅबमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा होती, बाहेरून परीक्षक आलेले. सकाळी ठिपका हिरवा. दहाच्या सुमाराला तो गेला आणि थोड्या वेळानं परत आला. तात्यांनी बंद करून लावलं वाटतं, असं म्हणून तिनं मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकला. वाटतं या शब्दावर किती काय टेकवून ठेवलं होतं तिनं.

अडीचला दोन बॅचच्या मध्ये तिनं उगाच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. उशाला असेल. तरी मन थाऱ्यावर येईना. ती मशीनमध्ये शिरली. तात्या रोज नवाला पेपर उघडायचे आणि मग कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळून हरायचे. आज पेपर उघडलेला नव्हता. डाव नव्हता. नोंदीत होतं ते इतकंच. दहा वाजून चार मिनिटांनी मशीन उठलं, तिनं लिहिलेली फाइल वाचली, आठ एक आठ आठ ई यू चढवला, वायफाय जोडलं, ॲप उघडलं आणि गप्प बसलं. दिवसभरात त्याला एका बोटाचाही स्पर्श नव्हता.

सगळं तिनं शिकवलं होतं तस्संच, बिनचूक झालं होतं.

तिनं केरबाच्या गिरणीचा नंबर लावला. केरबा पिठानं माखलेला तसाच मागच्या भिंतीवरून आत उतरला. फोन त्यानं चालूच ठेवला होता. तिला कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला, मग कडी, मग केरबाचा आवाज. “हायत. जित्ते हायत वैनी. नहाणीत पडल्यात.”

पहाटे साडेपाचला पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलेलं. नऊ तास ओल्या फरशीवर. केरबानं आणि गिरणीवरच्या चौघांनी त्यांना गाडीत घालून कराडला दवाखान्यात नेलं. ती मायाला पाळणाघरातून उचलून पोचली तेव्हा सहा वाजले होते.

तात्यांच्या ओठांना पांढरी साल आली होती. आवाज बसलेला, ओरडून ओरडून. गिरणी पहाटेच सुरू होते, आणि ती चालू असली की शेजारचं माणूस दारात उभं राहून ओरडलं तरी ऐकू जात नाही. ते रागावले नाहीत, तिला तेच सोसेना. मायाची बोटं हातात धरून ते म्हणाले,

“धा वाजता लाईट आली. मशीन चालू झाल्याची ती घंटी वाजली बग आतनं. म्हनलं, झालं. आता दिवा हिरवा. पोरगी म्हननार, म्हातारा बसलाय पेपर वाचत.”

स्वप्नालीनं ओल्या रुमालानं त्यांचे ओठ टिपले. माया म्हणाली, “तात्या, टोपी कुठाय?”

ऑपरेशन झालं. दीड महिना तात्या सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहिले आणि रोज खिडकीतून कबुतरांना शिव्या देत वॉकर धरून चालले. मग परत उंब्रज. त्यावर तोड नव्हती. केरबाच्या घरची किल्ली इकडं आणि इकडची तिकडं झाली, नहाणीत धरायला दांडा बसला, आणि स्वप्नालीनं सांगलीला परतायच्या आधी मशीनमध्ये शिरून ती फाइल उघडली. त्या एकुलत्या एका ओळीच्या आधी एक जाळीची खूण, हॅश, घातली, म्हणजे मशीन ती ओळ वाचायचं सोडून देतं. वीज आल्यावर आपोआप उठायची सोयही काढली. भाऊसोंनी कपाळाला हात लावला. म्हणाले, जग आपोआप व्हावं म्हणून धडपडतंय आणि तू चालत्या गाडीची चाकं काढतेस. ती म्हणाली, काढते.

आता रोज सात वाजता पुन्हा तेच. दूध वर येतंय, माया जिन्यात आहे, आणि फोनवर तात्या कॅप्स लॉक लावून सावकाश म्हणतायत, माइक, ऑस्कर, डेल्टा. ती वैतागते. रोज वैतागते, कपाळाची शीर उडते, पाळणाघरातल्या बाई घड्याळ दाखवतात. पण एको युनिफॉर्म ऐकल्याशिवाय ती दाराला कुलूप लावत नाही.

तुमच्याही मोबाईलवर आत्ता कुणाच्या तरी नावापुढं ठिपका हिरवा असेल. आई असेल, चुलता असेल, गावाकडं एकटी राहणारी आत्या असेल. स्वप्नालीचं तुमच्याकडं मागणं एवढंच आहे, की ठिपक्यावर जाऊ नका. हे वाचून झालं की फोन लावा आणि आवाज ऐका. उचलला नाही, तर असेल उशाला, असं म्हणू नका. शेजारच्या केरबाला लावा, आणि त्याला भिंतीवरून आत डोकवायला सांगा.