हप्त्यावरची राजदूत

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही इतकी वर्षं 'अहो' म्हणत आले आणि चारचौघांत अजून म्हणते. पण ही हकिगत सांगताना मी त्याला हरीच म्हणणार आहे. 'अहो'ला जो आदर लागतो, तो एवढा वेळ पुरवणं मला जमणार नाही.

भिवंडीत ब्राह्मण आळीत आमचं घर. सासरे दत्तोपंत कोर्टात नोकरीला होते. शेवटपर्यंत त्यांनी कोणाचा फुकटचा चहा घेतला नाही. हरी त्यांचा एकुलता एक मुलगा. सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या कारखान्यात तो कारकून होता. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते.

त्र्याहत्तरच्या दसऱ्याला हरीने राजदूत मोटरसायकल घेतली. घरापासून कारखाना चालत सात मिनिटं. पण शेजारच्या टेबलावरच्या केसरीनाथने घेतली होती, म्हणून यालाही हवी होती. केसरीनाथकडे भातशेती होती. हरीकडे ठाण्याची एक फायनान्स कंपनी होती, आणि दोन वर्षांचे हप्ते.

तो गाडी कशी चालवायचा ते मी पाहिलेलं आहे. दोन्ही पाय खाली सोडून, पाण्यात उतरलेल्या बदकासारखा. समोरून सुताचा ट्रक आला की गाडी बंद करून कडेला उभा राहायचा आणि ट्रक गेला की गॉगल नीट करून पुन्हा निघायचा. चिखल दिसला तर ढकलत न्यायचा. कोपऱ्यावर पान खायला मात्र न चुकता गाडीवरून.

पुढे पेट्रोलचा भाव भडकला आणि हौस फिटली. आता हरीच्या डोक्यात टीव्ही आला. आळीत दोघांकडे आला होता. हप्ते भरणं त्याने बंद केलं. ठाण्याहून नोटिसा येऊ लागल्या. त्या तो गादीखाली सरकवायचा, जणू तिथे त्या उबेने विरघळणार होत्या. गादी उन्हात घालायचं काम माझं. मी त्या सगळ्या वाचल्या होत्या. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं सांगताना मला स्वतःला सोयीचं विसरता येणार नाही.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याने गिऱ्हाईक शोधलं. राघो नाव. वज्रेश्वरीच्या अलीकडच्या एका गावातला, तिशीचा, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. कामतघरला लूम दुरुस्त करायचं काम करायचा. बायको तुळजा आणि आई राहीबाई गावाला, हा कामगारांच्या खोलीत. शिफ्ट सुटायची तेव्हा गावाकडची एसटी गेलेली असायची, म्हणून घरी जाणं आठवड्यातून एकदा. गाडी असती तर रोज गेला असता. त्याची गरज एवढी सरळ होती.

तो आला तेव्हा हरी झोपाळ्यावर बसला होता. राघोला त्याने समोरच्या स्टुलावर बसवलं. मी चहा आणला. राघोने गाडी बाहेर नीट पाहिली होती. साखळी ओढून, प्लग काढून, कान देऊन. गाडीतलं त्याला हरीपेक्षा शंभरपट कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त बुक, गाडीचं नोंदणीपुस्तक. ते इंग्रजीत होतं आणि राघो मराठी चौथी शिकलेला.

"त्यात काही नाही रे," हरी म्हणाला. "सरकारी भानगड. तुझ्या नावावर सावकाश करून देईन. मी कुठे पळून जातोय?"

राघोने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बुक माझ्यापुढे धरून म्हणाला, "बाई, तुमी शाळंत शिकवता. मना इंग्लिश येत न्हाय. येवढं वाचून दावा."

मी बुक घेतलं. गाडीचा नंबर वाचला. इंजिनाचा नंबर वाचला. रंग काळा, मालकाचं नाव, पत्ता. प्रत्येकाचं मराठी करून सांगितलं, जसं वर्गात सांगते. मग पान उलटलं. तिथे जांभळा शिक्का होता. गाडी अमुक कंपनीच्या कर्जात आहे आणि कर्ज फिटेपर्यंत कंपनीच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. हरीचा झोपाळा थांबला.

मी बुक मिटलं आणि म्हणाले, "बाकी काही नाही."

का म्हणाले? भांडण नको होतं म्हणा, परक्या माणसासमोर नवऱ्याची लाज राखावी असं वळण होतं म्हणा. मी बरीच कारणं घासूनपुसून पाहिली आहेत. एकही उजळत नाही.

राघोने पैसे दिले, गाडी घेतली, बुकही नेलं. पंधरा दिवसांत आमच्याकडे टीव्ही आला.

चार महिने गेले. एका रविवारी सकाळी खिडकीशी दाढी करताना हरी एकदम मागे सरला. "तो येतोय," म्हणाला. "मी नाही म्हणून सांग." आणि साबणाच्या तोंडाने न्हाणीत शिरून त्याने आतून कडी घातली.

मी दार उघडलं. राघो पायीच आला होता.

"हरीभाऊ हायत?"

"आहेत," मी म्हणाले. "न्हाणीत लपलेत. बस. येतील."

आतून लगेच पाणी ओतल्याचा आवाज आला. आपण लपलेलो नाही हे दाखवायला हरी कपड्यांसकट अंघोळ करत होता.

राघो बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगितलं. राहीबाईचे गुडघे धरले होते. तिला तो वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडात अंघोळीला घेऊन गेला होता. दोघं बाहेर आली तर गाडीवर दोन माणसं बसलेली. त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती आणि एक कागद होता. हा पुढे झाला तर त्यातला एक ओरडला, "हात मत लगाना! चोरी की गाडी लेके घूमता है?" देवळाच्या पायऱ्यांवर ओळखीची माणसं होती. नारळवाला ओळखीचा होता. गाडी गेली. ओल्या लुगड्यातली म्हातारी एसटीची वाट बघत दोन तास तिथेच बसली, आणि येणारा-जाणारा तिला विचारत होता, "राघोनं चोरलेली काय गं गाडी?"

"आई आता गावात तोंड दावत न्हाय," तो म्हणाला.

तेवढ्यात हरी बाहेर आला. खांद्यावर टॉवेल, ओला बनियन अंगाला चिकटलेला, एका गालावर दाढी तशीच.

"अरे राघो! कधी आलास?"

"गाडीवर कर्ज होतं, हरीभाऊ."

"होतं ना," हरी म्हणाला. मला वाटलं होतं तो नाकारेल. पण त्याने त्याहून सोपी वाट काढली होती, बहुधा पाणी ओततानाच. "बुकात स्पष्ट लिहिलंय. मी कुठे लपवलं? बुक तुझ्या हातात दिलं होतं. हिनेच तर तुला वाचून दाखवलं. विचार हिला."

राघो माझ्याकडे वळला.

"लिहिलं होतं," मी म्हणाले. "मी ते वाचलं नाही. मुद्दाम."

 राघो हरीकडे बोट करून म्हणाला, "यांचं काय न्हाय, बाई. यांचा भरवसा मी धरलाच नव्हता. म्हणून तर बुक तुमच्या हातात दिलं."

आयुष्यात मला पुष्कळ जण पुष्कळ बोलले आहेत. सासू बोलली, हेडबाई बोलल्या. त्यातलं बरंच मी विसरले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि राघोबरोबर ठाण्याला गेले. हरी येणार होता, पण सकाळी त्याला ताप आला. मी कपाळाला हात लावून पाहिला. थंडगार होतं. "आतला ताप आहे," तो म्हणाला.

एसटीत राघो माझ्या शेजारी बसला नाही, जागा असूनही. दाराजवळ उभा राहिला.

कंपनीचं ऑफिस एका जिन्याखाली होतं. तिथल्या साहेबाने आम्हाला तासभर बाकावर बसवलं, मग बोलावलं. मी सांगितलं की या माणसाने गाडी पैसे मोजून विकत घेतली आहे, नवऱ्याने कर्जाचं त्याला सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. साहेबाने भुवया उंचावल्या.

"विकत घेतली? तुमच्या मिस्टरांनी आम्हाला वेगळंच कळवलंय." त्याने फायलीतून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं.

इंग्रजीत लिहायची हिंमत नसल्यामुळे पत्र मराठीत होतं. हरीचं अक्षर मला लांबूनही ओळखू येतं, त्याला त्याचा फार अभिमान आहे. मी हात पुढे केला.

"तुमी नको, बाई," राघो म्हणाला.

त्याने पत्र स्वतःपुढे ओढलं आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागला. ओठ हलत होते. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं. साहेब घड्याळाकडे बघत होता. मी बाजूला उभी राहून तेच वाचत होते आणि माझं कधीच वाचून झालं होतं. 'राघो नावाच्या इसमाने माझी मोटरसायकल दोन दिवसांसाठी म्हणून नेली व वारंवार मागूनही परत केली नाही. त्यामुळे हप्ते भरणे मला शक्य झालेले नाही. सदर इसम दर रविवारी आईस घेऊन वज्रेश्वरी येथे जातो.' खाली सही, तिच्याखाली दोन रेघा आणि मधे टिंब.

म्हणजे गाडी विकून पैसे घेतले ते घेतलेच. वर, वसुलीवाले दारात आल्यावर आपली मान सोडवायला त्याने राघोची मान पुढे केली. आणि म्हातारी कुठे सापडेल तेही कळवलं. रविवारचं राघोने त्याला कधीतरी बाजारात भेटल्यावर कौतुकाने सांगितलं असणार. की गाडी आल्यापासून आईला बरं पडतंय.

हरी भित्रा आहे, बढाईखोर आहे, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं. ते मी पचवलं होतं. त्या दिवशी मला कळलं की मी त्याला बरीच वर्षं उगाच भित्रा समजत होते. भित्रा माणूस निदान समोरच्याला घाबरतो. हरीला राघो माणूसच वाटत नव्हता.

राघोने पत्र संपवलं, घडीवर घडी घालून साहेबाला परत दिलं.

"पोलिसात जायचं असेल तर जा," साहेब त्याला म्हणाला. "हे पत्र मी देतो. तुझी केस पक्की आहे."

"केसला वरीस जाल," राघो म्हणाला. "मना गाडी पायजे. आनि आईला सांगाया कागद पायजे, चोरी नव्हती म्हनून."

तो कागद मी तिथेच लिहिला. मराठीत, मोठ्या अक्षरात. गाडी राघोने रोख पैसे देऊन घेतली, कर्ज माझ्या नवऱ्याचं होतं, ते आम्ही दोघांनी लपवलं. साहेबाने त्यावर कंपनीचा शिक्का मारून दिला. थकलेले हप्ते आठवड्यात भरते असं मी सांगितलं.

घरी हरी टीव्हीसमोर बसला होता. ताप उतरला होता. मी पत्राचं विचारलं नाही, फक्त सांगितलं की उद्या टीव्ही जाणार. तो हसला. मग माझं तोंड पाहून हसायचा थांबला.

"लोक काय म्हणतील?"

"सांगा, डोळे बिघडतात म्हणून काढला."

आणि त्याने खरोखर तेच सांगितलं. दुकानदाराची हातगाडी दारात उभी असताना हा समोरच्या सरलावहिनींना सांगत होता, त्या किरणांनी नजर जाते, एका मोठ्या डॉक्टरने सांगितलंय. टीव्हीचे पैसे आले ते पुरेनात. उरलेले मी साहेबाला लिहून देऊन माझ्या पगारातून भरत गेले. गाडी मात्र त्याच आठवड्यात सुटली. आरसा आणि हत्यारांची पिशवी गायब होती. राघोने विचारलं, तर गोदामवाल्याने "नव्हतीच" म्हणून सांगितलं. त्याने वाद घातला नाही.

शेवटचा हप्ता भरल्यावर गाडी नावावर करून घ्यायचा फॉर्म घेऊन राघो आला. हरीची सही हवी होती. मी बस म्हटलं, तो दारातच उभा राहिला. चहा विचारला, नको म्हणाला. मी राहीबाईंची चौकशी केली. "बरी हाय," एवढंच. मागे रस्त्यावर गाडीशी त्याची बायको तुळजा उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर ओढून तोंड फिरवलं. ते बरोबरच होतं.

हरीने झोपाळ्यावर मांडी घालून फॉर्म घेतला, पेनाचं टोपण सावकाश उघडलं आणि सही केली. दोन रेघा, मधे टिंब.

"झालं की नाही तुझं काम?" तो म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं, सावकाश करून देईन म्हणून?"

राघोने शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला. खिशात ठेवला. हरीकडे बघितलं. रागाने नव्हे, रस्त्यात काही घाण पडलेली असावी आणि आपला पाय वाचल्याचं समाधान वाटावं, तसं. मग पायऱ्या उतरून गेला.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर हरी म्हणाला, "गावंढळ ते गावंढळच. इतकं केलं त्याच्यासाठी, साधा नमस्कार नाही."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "तुम्ही त्याची माफी मागितलीत का?"

"कशाबद्दल?" हरी म्हणाला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो उलट उत्तर देत नव्हता. खरंच विचारत होता.