छातीवर बसणारा ड्यूई

"निघ, ड्यूई! सोड तिला!" धर्मोपदेशक ब्रदर क्लेटस गरजला आणि चर्चच्या तळघरात जमलेल्या खाणकामगारांच्या वस्तीने श्वास रोखला. वर्ना स्टिल्टनर मंतरलेलं पाणी घटाघटा प्याली. लगेच असा दणदणीत ढेकर आला की पुढच्या रांगेतल्या बायका रडायलाच लागल्या. भूत गेलं! क्लेटसने तिच्या ओंजळीत पेपरमिंटच्या गोळ्या ओतल्या. "झोपताना तोंडात ठेव, भगिनी. तरी आलाच, तर पुढच्या बुधवारी ये." हे भूत दर बुधवारी जायचं आणि गुरुवारी परत यायचं, याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

वर्नाचा नवरा ड्यूई खाणीचं छत कोसळून गेला. त्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. तो निघाला तेव्हा ती बोललीही नव्हती. तेव्हापासून रात्री आडवं होताच छातीत आग पेटायची, घशाशी आंबट यायचं. ड्यूईच रागावून छातीवर बसतो, अशी तिची खात्री होती. आता तर अंथरुणाला पाठ टेकायचीच तिला धास्ती वाटे.

दवाखान्यातली नर्स ओपल पुढे आली. "मावशी, रात्री जेवता कधी?"

"ड्यूईची शिफ्ट सुटते तेव्हा. मध्यरात्र होते."

"अजूनही?"

वर्नाने मान खाली घातली. "त्याचंही ताट वाढते गं. टोमॅटोची ग्रेव्ही, तळलेलं बेकन. मग लगेच झोपते."

ओपलने उरलेल्या मंतरलेल्या पाण्यात जेवणाच्या टेबलावरचं व्हिनेगर ओतलं. पेला फसफसून उतू गेला.

"याच्यातही ड्यूई शिरला का, ब्रदर?"

"थट्टा नको, पोरी! सैतान ऐकतोय!"

"ऐकू दे की! या पाण्यात खायचा सोडा आहे. पोटातल्या आम्लात पडला की वायू होतो, ढेकर येतो, घटकाभर बरं वाटतं. भरल्या पोटी आडवं झालं की तेच आम्ल घशाशी येतं. त्यात पेपरमिंटने जठराच्या तोंडाची झडप आणखी सैल पडते. भूत तुम्हीच मुठी भरभरून घरी पाठवता!"

लोक हसले. वर्ना हसली नाही.

"म्हणजे तो येतच नव्हता?"

"नाही, मावशी."

"मला वाटायचं, रागावून का होईना, येतो तरी."

ओपल तिच्याशेजारी बसली. "तो रागावलेलाही नाही. संध्याकाळीच जेवा, हलकं. जेवल्यावर दोन-तीन तास आडव्या होऊ नका. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा. आणि उद्या डॉक्टरांना दाखवा. छातीतली प्रत्येक आग आम्लाचीच असते असं नाही."

या गोष्टीतून एवढंच घ्या, बाबांनो: दुखणं आपल्या शरीराचं असतं. त्याचं खापर मेलेल्या माणसावर फोडू नका. काय खाल्लं, कधी झोपलो, हे आधी स्वतःला विचारा आणि मग डॉक्टरांना.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत वर्नाने एकच ताट वाढलं. ते पुढ्यात घेऊन ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मग जेवली.