पंपाचं सील

नंदी डोंगराच्या चढावर आमची डिझेल अँबॅसिडर अर्ध्या वाटेत बसली, त्या दिवसापासून सुचेतानं गाडीला हात लावला नव्हता. तीन आठवडे झाले होते.

मला गाडी येत नाही. एकदा शिकायला लागलो होतो. पण मागून कोणी हॉर्न दिला की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून मी गाडी बंद पाडायचो. सुचेता मात्र एक्कावन्नाव्या वर्षी शिकली आणि नंतर दहा वर्षं मला शेजारी बसवून अख्खं बेंगळूर हिंडली. त्या दिवशी पुण्याहून आलेला माझा धाकटा भाऊ पुरुषोत्तम बायकोसह मागे बसला होता. “वहिनी, उतरून ढकलू, की बैल मिळतात का बघू?” असं म्हणत त्यानं किल्ली मागून घेतली आणि गाडी वळवून खाली आणली. सुचेता हसली. घरी आल्यावर म्हणाली, “विकून टाका. दम गाडीत नाही की माझ्यात, कोण जाणे.”

गाडी गेली असती तरी मला चाललं असतं. पण गाडी चालवताना ती गुणगुणायची, ते बंद झालेलं मला सोसत नव्हतं.

म्हणून मी एकटाच बसनं येलहंक्याला शिवाप्पाच्या गॅरेजवर गेलो. दारावरून दोनदा पुढे जाऊन परत आलो, मग आत शिरलो. शिवाप्पा बेळगावकडचा, मराठी चांगलं बोलतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“इंजिनाच्या डिझेल पंपाला कंपनीचं शिशाचं सील असतंय, अण्णा. ते तोडून आतला स्क्रू स्वल्प फिरवला की डिझेल जास्त जातं, ताकद येते. पण गाडी काळा धूर सोडणार, इंजिन तापणार. आणि गाडी जो चालवतो त्याच्या शेजारी बसल्याशिवाय मी सीलला हात लावत नाही. अक्कांना आणा.”

घरी हे सांगायला मला दोन दिवस लागले.

“माझी परीक्षा घेणार का तो?” सुचेता म्हणाली.

“नाही. म्हणजे, मला तसं वाटत नाही.”

“तुम्हाला खात्रीनं कधी काय वाटलंय?”

पण शनिवारी सकाळी तिनं किल्ली उचलली.

गॅरेजपासून शिवाप्पा पुढे बसला, मी मागे. जवळच्या एका चढावर गाडी धापा टाकत कशीबशी चढली. वर पोचल्यावर शिवाप्पा खाली उतरला आणि मागच्या चाकाशी वाकला.

“अक्का, गिअर तुम्ही वेळेवर टाकता. चूक नाही. पण मागच्या स्प्रिंगचे पाटे एवढे का दबलेत?” आणि त्यानं डिकी उघडली.

आत चार लोखंडी पेट्या होत्या. आमच्या मंडळाचं फिरतं वाचनालय. महिन्यातून एकदा आम्ही गावभरच्या मराठी घरांत पुस्तकं पोचवतो.

“काय आहे यात? लोखंड?”

“पुस्तकं,” मी म्हणालो. “साधारण पाचशे.”

“नंदीला जातानाही होती?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ओझं नको म्हणून त्या दिवशी आम्ही पाण्याची कळशीसुद्धा घरी ठेवली होती. पुस्तकांना वजन असतं, हे मात्र दोघांपैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“म्हणजे आणखी तीन-चार माणसं बसवली होती की तुम्ही,” शिवाप्पा म्हणाला. “आणि ढकलायला न उतरणारी!”

सुचेता हसली नाही. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, दर वेळी पेट्या घरात आणून ठेवू. कंबर दुखते म्हणून मीच नको म्हणालो होतो.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “पुरुषोत्तमला मी आजच पत्र टाकतो.”

“ते राहू द्या हो.” पण तिचा आवाज निवळला होता.

“पेट्या काढल्या तरी ही काही शर्यतीची गाडी होणार नाही,” शिवाप्पानं बजावलं. “सील तोडू का, सांगा.”

सुचेतानं माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी ‘बघू’ म्हणतो.

“सील राहू दे,” मी म्हणालो.

“नक्की?” तिनं विचारलं.

“नक्की नाही. पण राहू दे.”

“सरी, ठीक आहे,” शिवाप्पा म्हणाला आणि गॅरेजवर परतल्यावर त्यानं पेट्या आत ठेवून घेतल्या. त्यातलं एक पुस्तक उघडून तो तिथेच टायरवर बसला.

रस्त्याला लागल्यावर सुचेतानं घराच्या उलट दिशेला गाडी वळवली.

“अगं, डबा नाही, काही नाही.”

“वर काहीतरी मिळेल.”

नंदीचा शेवटचा चढ आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. इंजिनाची घरघर वाढली, गिअर बदलल्याचं कळलं, मागच्या बसनं हॉर्न दिला. मग हॉर्नच्याही वर तिची गुणगुण ऐकू आली.

“झोपलात का?” तिनं विचारलं. “बघा तरी, ढग खाली राहिले.”