मुख्य साहेबांना अर्ज

"हा लहानपणापासून तेल जास्तच घालतो," असं ताईने सगळ्यांदेखत लिहिलं आणि घड्याळजींचं डोकं फिरलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचा तो ऑनलाइन चर्चागट, त्यात देशोदेशीचे कारागीर. त्यांच्यासमोर अशी शोभा? त्यांनी तिथल्या तिथे उत्तर ठोकलं: "ताईचा हात आता थरथरतो. तिच्याकडे घड्याळं देऊ नका."

चहा संपेपर्यंत राग उतरला आणि आपण काय लिहून बसलो ते त्यांना उमगलं. त्यांच्या हातात पहिला चिमटा दिला तो ताईनेच. दुसऱ्या गावात ती एकटी दुकान चालवत होती. गिऱ्हाइकांनी हे वाचलं तर? तिने वाचलं तर?

"पुसून टाक ते," ते लेकीला म्हणाले.

"आपल्याकडचं पुसलं, बाबा. पण या गटातलं सगळं प्रत्येकाच्या स्वतःच्या मशीनवर साठतं, एव्हाना ते तिथे पोचलंय. ज्याचं मशीन, तो तिथला मालक."

"मग या मालकांचा वरचा साहेब कोण?"

"कुणीच नाही."

"काहीतरीच! एवढा पसारा हुकमाशिवाय चालतो होय?"

घड्याळजींना ते पटेना. घड्याळात चाकं कितीही असोत, चावीची स्प्रिंग एकच असते. लेक कामावर जाताच त्यांनी 'माननीय मुख्य साहेब यांस' असा लांबलचक अर्ज लिहिला. साहेबांचा पत्ता कुठेच सापडेना, म्हणून तो गटातच टाकला. साहेबांना प्रकरण नीट कळावं म्हणून ते नको असलेलं वाक्यही जसंच्या तसं उतरवलं, तेही ठळक अक्षरांत.

ज्यांच्या नजरेतून ते सुटलं होतं, त्यांनीही आता वाचलं. संध्याकाळी लेकीने कपाळाला हात लावला.

पण उत्तरं भराभर येत होती. "इथे साहेब नाही हो, पण माझ्याकडचं पुसलं." "साहेब मीच, माझ्या खोलीपुरता. पुसलं." एका पठ्ठ्याने तर 'अर्ज मंजूर' असाच शेरा मारला. कुणाच्या मशीनवर ते अजून दिसतंय, हे लेक एकेक करून तपासत गेली. शेवटी एकच उरलं, ते काही दाद देईना.

"हे कुणाचं?"

"आत्याचं," लेक हसू दाबत म्हणाली. "दुकानातच ठेवलंय तिने."

तेवढ्यात फोन वाजला.

"अर्ज वाचला," ताई म्हणाली. "मुख्य साहेब म्हणे!"

"चुकलं गं माझं. पुस ना ते."

"नाही पुसणार. इथे माझं चालतं."

"अगं, गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"म्हणू देत. थरथरतोच माझा हात. खोटं लिहिलं असतंस तर केव्हाच पुसलं असतं. बारीक स्प्रिंग बसवता येत नाही रे आता. रविवारी येशील?"

घड्याळजींचे डोळे भरून आले. "दर रविवारी येतो," ते म्हणाले.

"ये. फक्त तुझी ती तेलाची बाटली घरी ठेवून ये."