एका हाताची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मला उजवा हात नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहणाऱ्या प्रत्येकाचे लक्ष आधी तिथेच जाते आणि मग तो ओशाळून दुसरीकडे बघतो. ओशाळण्यासारखे त्यात काही नाही. माझा हात मोडलेला नाही, कापलेला आहे. ज्याने कापला त्याने मला आयुष्यभर जपले.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. त्याला खिळ्यांचा तिटकारा होता. लाकडात लाकूड बसवून त्याने मला उभे केले, मग स्वतः माझ्यावर बसून मागे-पुढे झुलून पाहिले आणि म्हणाला, "बसणारा कुरकुरेल, ही कुरकुरायची नाही." एवढे कौतुक मला पुरले.

मला विकत घेतले एका बाइंडरने. फाटलेल्या, पाने सुटलेल्या पुस्तकांना पुन्हा अंगावर कपडा चढवून उभे करणे हा त्याचा धंदा. एका खोलीचे दुकान, खिडकीशी टेबल, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र आणि सगळीकडे कागदाची कात्रणे. तो पाने दोऱ्याने शिवायचा. सुई आरपार गेली की उजवा हात बाहेर फेकून दोरा शेवटपर्यंत ओढावा लागतो. माझ्यावर बसून त्याने पहिला दोरा ओढला आणि त्याचे कोपर माझ्या हातावर असे आपटले की आम्ही दोघेही हललो. संध्याकाळपर्यंत ते बरेचदा आपटले. दुसऱ्या दिवशी तो करवत घेऊन आला.

त्याची बायको डबा द्यायला आली होती. ती दारातच थबकली.

"अहो! नवीकोरी खुर्ची आणि करवत लावलीत?"

"कोपर आपटतं गं. दोरा पुरता ओढता येत नाही."

"मग दोरा आखूड घ्यायचा!"

"दोरा आखूड घेतला की गाठी वाढतात. गाठी वाढल्या की पुस्तक फुगतं."

"आणि खुर्ची थोटी झालेली चालते?"

"थोटी कुठे? माझ्या मापाची झाली," तो म्हणाला आणि कापलेली जागा पॉलिश पेपरने घासत बसला. रेशमासारखी गुळगुळीत होईपर्यंत त्याने ती सोडली नाही.

वर्षे गेली. त्याची बायको वारली. मुलगी शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. दर सुट्टीला ती यायची, दुकानात टेबलाच्या कडेवर बसून वडिलांना आपल्या मुलाच्या गमती सांगायची. ती गेली की दुकान फार शांत व्हायचे.

अशाच एका शांत सकाळी एक कुत्र्याचे पिल्लू दारातून आत आले. अंगावर खरूज, एक कान कुरतडलेला. ते सरळ माझ्याखाली गेले आणि कात्रणांच्या ढिगात अंगाचे वेटोळे करून झोपले. बाइंडरने वाकून पाहिले. पिल्लाचा रंग हुबेहूब कच्च्या पुठ्ठ्यासारखा होता.

"पुठ्ठ्या," तो म्हणाला. बारसे उरकले.

पुठ्ठ्याला एक खोड होती. तो पुस्तके चिकटवायची खळ चाटायचा. बाइंडर मैद्याची खळ शिजवून ठेवायचा. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालावे लागते, आणि मोरचूद पोटात जाणे वाईट. भांडे उंचावर ठेवून पाहिले, झाकण ठेवून पाहिले. पुठ्ठ्या टेबलावर चिकटलेली खळ चाटायचा, मालकाची बोटे चाटायचा. शेवटी बाइंडरने खळीत मोरचूद घालणेच सोडले. बिनमोरचुदाची खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून तो रोज सकाळी ताजी खळ शिजवू लागला. शेजारचा लाँड्रीवाला चेष्टा करायचा, "काय हो, कुत्र्यासाठी स्वयंपाक चाललाय का?"

"हो," बाइंडर म्हणायचा. "उरली तर पुस्तकांना लावतो."

बाहेर चहाला जाताना तो पुठ्ठ्याला सांगायचा, "बस इथं. आलोच." पुठ्ठ्या माझ्याखाली बसायचा आणि बाइंडर यायचा. तो आला नाही असे कधी घडले नाही.

एका दुपारी शिवण अर्ध्यावर असताना त्याच्या छातीत कळ आली. लाँड्रीवाल्याने त्याला आधार देऊन गाडीत बसवले. पुठ्ठ्या मागे धावला. बाइंडरने गाडीच्या दारातून हात दाखवला आणि कसेबसे म्हणाला, "बस तिथं. आलोच."

पुठ्ठ्या परत आला आणि माझ्याखाली बसला.

बाइंडर इस्पितळातून आला नाही. आली ती त्याची मुलगी. तिने दुकान आवरले, लोकांची पुस्तके ज्यांची त्यांना पोचवली. लाँड्रीवाल्याने तिला सगळे सांगितले, गाडीच्या दारातले शब्दही. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "चहा घेणार का, काका?" रडली नाही. पुठ्ठ्याला घरी न्यायची तिची फार इच्छा होती, पण तिच्या मुलाला दमा होता. प्राण्याचे केस घरात आले की त्याला श्वास पुरत नसे. शेवटी तिने गावाबाहेरच्या निवाऱ्यात विचारले. टाकलेली, हरवलेली, मालक गेलेली कुत्री तिथे सांभाळतात आणि चांगले घर पाहून दत्तक देतात.

टेम्पो आला. पुठ्ठ्या माझ्याखालून निघेना. ओढला तर लादीला नखे रोवायचा. तेव्हा तिने मलाच उचलून टेम्पोत ठेवले. पुठ्ठ्या मुकाट्याने उडी मारून वर आला आणि पुन्हा माझ्याखाली बसला.

निवारा चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांनी टेम्पोत डोकावले.

"ताई, आम्ही कुत्री घेतो. फर्निचर नाही."

"तो हिच्याखालून बाहेर येत नाही."

मावशींनी पुठ्ठ्याकडे पाहिले. मग त्या वळून ओरडल्या, "अरे, एक खुर्ची उतरवून घ्या! सांभाळून!"

निवाऱ्याची एक रीत होती. पिंजऱ्यापुढून फिरून कुत्रा पसंत करायचा नाही. न्यायला आलेल्यांनी मधल्या अंगणात जमिनीवर बसायचे, कुत्र्याला मोकळे सोडायचे, आणि तो आपण होऊन जवळ येईल तोवर हाक मारायची नाही. मावशी बजावून सांगायच्या, "इथं पसंती त्यांची. तुम्ही फक्त नीट बसा." किती कुत्री मी अशी जाताना पाहिली. तीन पायांची एक करडी कुत्री एका ड्रायव्हरच्या मांडीवर जाऊन झोपली आणि तो रांगडा माणूस पाय बधिर झाला तरी हलेना. आंधळा झालेला एक म्हातारा कुत्रा जुळ्या बहिणींच्या मधोमध चालत फाटकाबाहेर गेला.

पुठ्ठ्या मात्र माझ्याखालून बघत राहायचा. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला कान टवकारायचा. उतरणारे माणूस दिसले की कान पडायचे.

मावशींनी त्याच्यापुरती रीत बाजूला ठेवून ठरवले, हा कुत्रा द्यायचा तर खुर्चीसकट. मुलीलाही ते पटले. वडिलांची तेवढी तरी खूण त्याच्याजवळ राहील, असे ती म्हणाली. मलाही वाटायचे, की मीच त्याचे घर आहे. आम्हा सगळ्यांचा हेतू चांगला होता. एका शिक्षकाच्या कुटुंबाने आम्हा दोघांना नेले. माणसे फार भली. त्यांनी मला खिडकीशी जागा दिली, त्याला मऊ गोधडी घातली. पुठ्ठ्याने गोधडीकडे पाहिलेसुद्धा नाही. कुणी माझ्यावर बसले की गुरगुरायचा. अन्नाला नुसते तोंड लावायचा. पाऊसकाळ सरता सरता ते आम्हाला परत घेऊन आले.

"गुणी आहे हो," शिक्षकाची बायको डोळे पुसत म्हणाली. "पण तो आमच्याकडे राहायला आलाच नाही. पाहुणा स्टेशनवर बसतो ना, तसा बसून होता."

पुठ्ठ्या वाळत चालला. त्याच्या फासळ्या माझ्या पायांना टोचायच्या. डॉक्टर येऊन गेले आणि मावशींना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. मावशी माझ्याजवळ येऊन उगाच माझी पाठ पुसत राहिल्या.

मग एक सिस्टर आल्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या, अंगाने भारी, आवाजाने त्याहून भारी. मावशी म्हणाल्या, "बसा खाली."

"खाली बसले तर उठवायला क्रेन मागवावी लागेल. ही खुर्ची कुणाची?" आणि त्या माझ्यावर बसल्या.

पुठ्ठ्या गुरगुरला. मावशी घाबरल्या, "सिस्टर, नको, त्याला चालत नाही—"

"गुरगुरू दे. वॉर्डात सगळेच गुरगुरायचे माझ्यावर." त्या खाली न बघता म्हणाल्या, "बाळा, तुझं दुःख आहे, माझे गुडघे आहेत. दोघंही बसू."

त्या बराच वेळ बसल्या. पुन्हा आल्या, पुन्हा बसल्या. येताना काही आणायच्या नाहीत, त्याला हाकही मारायच्या नाहीत. एकदा मावशींनी त्यांना पुठ्ठ्याची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून सिस्टर माझ्यावरून उठल्या. मग म्हणाल्या,

"ही खुर्ची इथून हलवा."

"अहो, खचेल तो! तेवढाच तर आधार आहे."

"मावशी, माणूस गेला की त्याची कॉट आम्ही लगेच रिकामी करायचो. नातेवाईक चिडायचे, दगडाच्या काळजाची म्हणायचे मला. पण कॉट तशीच ठेवली ना, तर ते तिच्याजवळून उठत नसत. जेवत नसत. हा आधार धरून बसलेला नाही. हा वाट बघत बसलाय, आणि तुम्ही वाट बघायची जागा त्याच्याबरोबर गावभर फिरवताय."

मित्रांनो, आणि मी स्वतःला त्याचे घर समजत होते.

मावशींनी मुलीला फोन केला, कारण खुर्ची तिची होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. तिने मावशींचे ऐकले, सिस्टरांचे ऐकले. "कुणी नको, मी नेते," म्हणाली आणि एकटीने मला उचलले. मी चांगली जड आहे. पुठ्ठ्या उठून मागोमाग निघाला. तिने मला कोठीत ठेवले आणि बाहेरून कडी लावली. खिडकीच्या जाळीतून मला अंगण दिसत होते.

पुठ्ठ्या कोठीच्या दाराशी बसला. उघड्यावर तो किती लहान दिसत होता! मुलगी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. त्याने तिचे हात हुंगले, पुन्हा पुन्हा हुंगले. ती बोलू लागली तेव्हा तिचा आवाज ओळखू येईना.

"पुठ्ठ्या, बाबा गेले रे. ते येणार होते, त्यांना यायचंच होतं. पण ते गेले. आता नाही येणार."

हे ती त्याला सांगत होती, पण ऐकणारी तीही होती. तिने त्याच्या मानेत तोंड खुपसले आणि ती रडली. मावशी पाठ वळवून फाटकाकडे बघत राहिल्या. सिस्टर नळाजवळच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

मग मुलगी उठली. पुठ्ठ्याही उठला आणि तिच्या पायाशी येऊन उभा राहिला. ती मागे सरकत भिंतीला टेकली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्याने वर पाहिले. हात पुढे आले असते तर तो तिचाच झाला असता, आणि तिच्या घरी त्याला जागा नव्हती. ओठ घट्ट मिटून ती तशीच उभी राहिली.

पुठ्ठ्याने एकदा कोठीच्या दाराकडे पाहिले. एकदा तिच्याकडे. मग तो अंगण ओलांडून नळाखालच्या घमेल्याशी गेला आणि पाणी प्यायला. इतका वेळ प्यायला, की पाणी तळाला गेले. तोंडातून पाणी ठिबकत असतानाच तो पायरीशी गेला आणि सिस्टरांच्या बुटाला पाठ लावून उन्हात आडवा झाला.

सिस्टर कुजबुजल्या, "मला आता कुणी उठवू नका. पायाला मुंग्या आल्यात, पण येऊ देत."

मुलगी रडता रडता हसली.

पुठ्ठ्या त्यांच्याबरोबर गेला. माझ्याशिवाय गेला. मला वाईट वाटले का? वाटले. लाकूड झाले तरी इतकी वर्षे पोटाशी एक ऊब होती. पण पुढच्याच आठवड्यात सिस्टरांचा फोन आला आणि मावशींनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "कसला गरीब कुत्रा दिलात हो मला? माझी चप्पल खाल्ली! एकच खाल्ली असती तर गोष्ट वेगळी, दोन्ही जोडांतली एकेक खाल्ली! आणि झोपतो कसा माहितीये? चारी पाय वर करून. लाज नाही." त्या तक्रार करत होत्या आणि थांबता थांबत नव्हत्या.

मुलगी पुन्हा आली तेव्हा मावशींनी तिला विचारले, खुर्ची घरी नेता का. ती माझ्या कापलेल्या जागेवरून बोट फिरवत म्हणाली, "इथंच असू दे. गुडघे दुखणारी माणसं पुष्कळ येतील." तेव्हापासून मी अंगणात आहे. माझ्यावर माणसे बसतात आणि माझ्याखालचे ऊन सरकत राहते.

मित्रांनो, तुम्ही जेव्हा कुत्रा आणायचे ठरवाल, तेव्हा दुकानात जाण्याआधी एकदा इकडे या. धावत येऊन तुमचे तोंड चाटणारी पिल्ले इथे आहेतच. त्यांना घर मिळेल. तुम्ही जरा आतल्या बाजूला बघा. तिथे भिंतीकडे तोंड करून कुणीतरी पडलेले असते. ते आधी दुसऱ्या कुणाचे तरी होते, आणि त्यात त्याचा काही अपराध नाही. ते तुमच्यामागून आले म्हणजे आधीच्याला विसरले, असे त्याला कुणी म्हणू नका. त्याला उठायला लागला तेवढा वेळ लागू द्या. मळले तरी चालतील असे कपडे घालून या, घरी जायची घाई ठेवू नका, आणि ते गुरगुरले तरी बसून राहा.